‘एमिनंट’ कोण, हे ठरवायचं कोणी?

ऑगस्ट २०१४ मध्ये संसदेनं एक घटनादुरुस्ती मंजूर केली. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांतल्या न्यायाधीशांच्या निवडीसाठी राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग नेमायचं तिच्यात ठरलं होतं. आयोग सहा जणांचा. सरन्यायाधीश, त्यांच्या खालोखालचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन ज्येष्ठ न्यायाधीश, केंद्रीय कायदामंत्री आणि शेवटी दोन ‘एमिनंट पर्सन्स’, म्हणजे ढोबळमानानं मान्यवर व्यक्ती. पहिले चौघे त्यांच्या पदावरून ठरत होते. उरलेले दोघे एका इंग्रजी विशेषणावरून.

या विशेषणाचा अर्थ घटनादुरुस्तीत दिलेला नव्हता आणि सोबतच्या कायद्यातही नव्हता. त्या दोघांना कायद्याचं ज्ञान हवं का, वय किती असावं, अनुभव कशातला आणि किती वर्षांचा, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. अट एवढीच की दोघांपैकी एक जण अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांपैकी असावा. ती अट रास्त होती, पण ‘एमिनंट’ म्हणजे काय हे तिच्यातून कळत नव्हतं. शिवाय या दोघांच्या हातातला अधिकार किरकोळ नव्हता. आयोगातल्या कोणत्याही दोन सदस्यांनी विरोध केला तर त्या नावाची शिफारस करायची नाही, असं कायद्यात कलम होतं. म्हणजे सरन्यायाधीशांसह तिन्ही न्यायाधीश आणि कायदामंत्री एखाद्या नावावर एकमतानं ठाम राहिले, तरी हे दोघे ते नाव अडवू शकत होते.

१६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं ही दुरुस्ती रद्द केली. मुख्य कारण न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचं होतं. पण या दोन जागांच्या संदिग्धपणाचीही निकालात गंभीर दखल घेतली गेली. निकाल बरोबर की चूक, यावर कायद्याची जाणकार मंडळी अजून वाद घालतात. त्यात मला शिरायचं नाही. ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या ‘कॉलेजियम’ पद्धतीतही कोणाला का निवडलं हे बाहेरच्याला कळत नाही, आणि बहुमताविरुद्ध निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. मला बोलायचंय ते त्या विशेषणाबद्दल. कायद्यात पात्रतेच्या जागी ‘एमिनंट’ लिहिणं म्हणजे पात्रता लिहायची टाळणं, असं माझं मत आहे, आणि आपल्या सार्वजनिक संस्थांचं यात फार नुकसान होतं आहे असं मला वाटतं.

शब्द मूळचा लॅटिन. ‘एमिनेरे’ म्हणजे भोवतालच्या पातळीतून वर निघणं. शरीरशास्त्रात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे. तळहात उघडून पाहा. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, त्याला डॉक्टर ‘थेनार एमिनन्स’ म्हणतात. तिथं गुणदोषाचा प्रश्नच येत नाही. बाकीच्या तळहाताच्या मानानं तो भाग वर आला आहे, एवढंच त्या नावात सांगितलेलं आहे. याच धातूचे आणखी दोन शब्द इंग्रजीत रोजच्या वापरात आहेत. ‘प्रॉमिनंट’ म्हणजे पुढे आलेला, आणि ‘इमिनंट’ म्हणजे डोक्यावर येऊन ठेपलेला. ‘इमिनंट’ आणि आपला ‘एमिनंट’ उच्चारात इतके जवळचे आहेत की इंग्रजी लिहिणारे अनेक जण या दोघांत हमखास चुकतात.

शब्द माणसांना लागू झाला तेव्हा त्याला आदराचा रंग चढला. नाक ‘प्रॉमिनंट’ असतं, इमारत असते, एखादा गुन्हेगारही ‘प्रॉमिनंट’ असू शकतो. ‘एमिनंट’ गुन्हेगार असं मात्र कोणी लिहीत नाही. त्याच्यासाठी ‘नोटोरियस’ आहे, जसा आपल्याकडे ‘विख्यात’च्या शेजारी ‘कुख्यात’ आहे. ठळकपणा दाखवणारी विशेषणं अशी कलत जातात. ‘एग्रिजस’ म्हणजे मुळात कळपापासून वेगळा उठून दिसणारा. एके काळी ती स्तुती होती, आता ‘एग्रिजस’ म्हटलं की घोर चूकच डोळ्यांपुढे येते. ‘एमिनंट’ स्तुतीच्या बाजूला कलला आणि तिथंच राहिला. १६३० मध्ये पोप अर्बन आठवे यांनी कार्डिनलांना, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उच्च धर्मगुरूंना, ‘एमिनन्स’ हा किताब दिला, त्यानं त्याचं वजन आणखी वाढलं. त्याच काळात फ्रान्सचा मुख्यमंत्री असलेल्या कार्डिनल रिशल्यूचा सल्लागार असलेला पेर जोसेफ हा कॅप्युचिन साधू ‘ग्रे एमिनन्स’ म्हणून ओळखला जाई. तो स्वतः कार्डिनल नव्हता, पण पडद्यामागून फ्रान्सच्या राजकारणात त्याचा शब्द चाले. आजही पडद्यामागच्या सूत्रधाराला हेच नाव देतात. वर दिसणाऱ्यासाठी असलेला शब्द न दिसणाऱ्या सत्तेलाही चिकटला.

मराठीत या एका विशेषणासाठी आपण नामवंत, ख्यातनाम, प्रख्यात, मान्यवर, थोर असे कितीतरी शब्द वापरतो. यांतले पहिले तीन नावाबद्दल बोलतात. मान्यवर हा लोकांनी दिलेल्या मानाबद्दल बोलतो. ‘थोर’ एवढा एकच शब्द खुद्द माणसाबद्दल, त्याच्या आतल्या मोठेपणाबद्दल बोलतो. इंग्रजी विशेषण या सगळ्यांना एकाच पोटात घेतं. गोंधळ होतो तो इथंच. वाचणाऱ्याला ‘थोर’ ऐकू येतं, आणि पुरावा म्हणून समोर येतं ते ‘नामवंत’. नाव कसं झालं, कोणामध्ये झालं, कोणी केलं, हे प्रश्न मधल्यामधे विरून जातात.

हा घोळ आजचा नाही. फ्रान्सिस गॉल्टन यानं तो १८६९ मध्ये शास्त्राच्या नावानं केला. डार्विनचा हा नातेवाईक आकडेमोडीत विलक्षण हुशार होता. ‘हेरेडिटरी जीनियस’ या ग्रंथात त्यानं ‘एमिनंट’ या शब्दाची चक्क संख्येत व्याख्या केली: दहा लाख पुरुषांत फक्त २५० जण पोचतात अशा जागी पोचलेला माणूस, म्हणजे चार हजारांत एक. चार हजार हा आकडा किती मोठा आहे ते सांगायला त्यानं आकाशाचा दाखला दिला. अगदी स्वच्छ, तारांकित रात्रीसुद्धा नुसत्या डोळ्यांनी एका वेळी चार हजार तारे दिसत नाहीत. इतकी नेमकी व्याख्या वाचली की वाटतं, आता शब्द पक्का झाला.

पण हे २५० त्यानं मोजले कुठून? समकालीन नामांकितांच्या एका चरित्रकोशातून आणि १८६८ सालच्या ‘द टाइम्स’मधल्या मृत्युलेखांवरून. ज्याचं नाव छापलं गेलं तो मोठा. लौकिक ही अंगभूत बुद्धीची योग्य कसोटी आहे का, हा प्रश्न गॉल्टननं स्वतःच ग्रंथात विचारला आहे, आणि त्याचं उत्तर ‘होय’ असं दिलं आहे. त्याच्या पुढच्या सगळ्या इमल्याचा पाया या एका ‘होय’मध्ये आहे. मग त्यानं न्यायाधीश, सेनापती, मुत्सद्दी, कवी यांची घराणी तपासली. मोठ्यांच्या घरात मोठी माणसं जास्त निपजतात असं त्याला आढळलं, आणि म्हणून बुद्धी रक्तातून उतरते असा निष्कर्ष त्यानं काढला.

न्यायाधीशांचंच उदाहरण घ्या. १६६० ते १८६५ या काळातल्या इंग्लंडच्या न्यायाधीशांची त्यानं यादी केली. त्या दोनशे वर्षांत न्यायाधीशाच्या मुलाला वकिलीचं शिक्षण परवडत होतं, सनद मिळत होती, आणि ज्यांच्या हातात बढती होती ती माणसं त्याच्या वडिलांच्या बैठकीतली होती. न्यायाधीशाच्या मुलीला यातलं काहीही मिळत नव्हतं. इंग्लंडमध्ये स्त्रियांना वकिलीची दारं उघडली ती १९१९ च्या कायद्यानं. केंब्रिजनं त्यांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. यादीत सगळे पुरुषच आले, त्यातही ठरावीक घराण्यांतले आले, यात नवल काय? गॉल्टननं मोजली होती ती संधी, आणि तिला नाव दिलं होतं बुद्धीचं. पुढे १८८३ मध्ये त्यानंच ‘युजेनिक्स’, म्हणजे निवडक प्रजननातून वंश सुधारणं, हा शब्द घडवला. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. या सगळ्याचं खापर एका विशेषणावर फोडता येणार नाही. पण कोणाची वंशवृद्धी व्हावी आणि कोणाची होऊ नये हे ठरवणाऱ्या त्या विचाराच्या मुळाशी लौकिकाला लायकी समजण्याची ही चूक बसलेली होती, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या कायद्याकडे या. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार माहिती आयुक्त कोण होऊ शकतो? कलम १२ सांगतं की सार्वजनिक जीवनात ‘एमिनन्स’ असलेली आणि कायदा, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमं किंवा प्रशासन यांतलं व्यापक ज्ञान व अनुभव असलेली व्यक्ती. विशेषणासोबत निदान क्षेत्रांची यादी तरी आहे. क्षेत्रं सात-आठ, पण प्रत्यक्षात जागा जातात त्या बहुतेक निवृत्त सनदी अधिकाऱ्यांना. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोष्ट स्पष्टपणे नोंदवली. इतक्या क्षेत्रांची दारं कायद्यानं उघडी ठेवलेली असताना निवड मात्र सरकारी नोकरीतल्या लोकांचीच कशी होते, असा प्रश्न न्यायालयाला पडला. शोध समितीची नावं, निवडीचे निकष आणि छाननीतून पुढे आलेल्या उमेदवारांची नावं संकेतस्थळावर टाकावीत, असंही त्यानं सांगितलं.

यात प्रत्येक वेळी कोणाची लबाडी असते असं मी म्हणत नाही. मला तर वाटतं, लबाडी नसतानाही हेच होईल, कारण ते या शब्दाच्या स्वभावात आहे. केंद्रीय आयुक्तांची निवड करणाऱ्या समितीत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि पंतप्रधानांनी सुचवलेले एक मंत्री असतात. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात रोज कोण असतं? सचिव, माजी सचिव, आयोगांचे आणि महामंडळांचे प्रमुख. वर आलेला कोण, हे बघणारा कुठं उभा आहे त्यावर ठरतं.

हाच कायदा ज्यांच्यामुळे देशाला मिळाला त्या लोकांची आठवण ठेवू. १९९० च्या दशकात राजस्थानातल्या खेड्यांत मजदूर किसान शक्ती संघटननं जनसुनावण्या सुरू केल्या. गावातल्या मोकळ्या जागेत माणसं जमायची आणि सरकारी कामांचे हजेरीपट मोठ्यानं वाचले जायचे. नाव पुकारलं की तो मजूर उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. किंवा गेलो होतो, पण कागदावर लिहिलेत तेवढे पैसे मला मिळाले नाहीत. कधी जे नाव पुकारलं जाई तो माणूस केव्हाच वारलेला असे. सरकारी कागद आणि खरं जगणं यांच्यातली फट कुठं असते आणि ती कशी शोधायची, हे या माणसांइतकं कोणाला कळत होतं? माहिती आयुक्ताला हेच तर कळावं लागतं. पण त्यांच्यापैकी एकालाही कोणत्याही निवड समितीनं ‘पर्सन ऑफ एमिनन्स’ म्हटलं नसतं. कामाची जाण होती. ती दिसण्याजोग्या उंचीवर ते उभे नव्हते.

विज्ञानातही तेच घडतं. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मारी क्युरी आणि मारिया गेपर्ट मायर यांच्यानंतर हे पारितोषिक मिळालेल्या त्या तिसऱ्या स्त्री. त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पान नव्हतं. काही महिने आधी कोणीतरी लेखाचा मसुदा दिला होता, पण दिलेल्या संदर्भांवरून ही व्यक्ती पुरेशी उल्लेखनीय दिसत नाही म्हणून तो परत पाठवण्यात आला होता. ज्या कामासाठी नोबेल मिळालं, लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग वाढवायचा आणि शेवटी दाबून तीव्र करायचा, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेलं होतं. त्यांचे मार्गदर्शक आणि सहविजेते जेरार मूरू यांचं पान आधीपासून होतं. स्ट्रिकलंड २०१३ मध्ये ‘द ऑप्टिकल सोसायटी’ या प्रकाशविज्ञानातल्या जुन्या, मोठ्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

या उदाहरणात मला सर्वांत बोलकं वाटतं ते हे. विद्वानांसाठी विकिपीडियाचे वेगळे निकष आहेत आणि मोठ्या विद्वत्संस्थेचं प्रमुखपद त्यांत बसतं. म्हणजे लिहून ठेवलेल्या निकषानं पाहिलं असतं तर त्या पात्र होत्या. तपासणाऱ्यानं पाहिलं ते त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत आणि अन्यत्र किती लिहून आलं आहे, आणि तिथं फारसं काही नव्हतं. लिहिलेली कसोटी हाताशी असूनही नजर गाजलेल्या नावाकडेच वळते. मग जिथं कसोटीच लिहिलेली नाही, तिथं काय होत असेल?

विशेषण सगळीकडे निरुपयोगी आहे, असं मात्र मला म्हणायचं नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये बहामाची राजधानी नासाऊ इथल्या परिषदेत राष्ट्रकुलानं दक्षिण आफ्रिकेसाठी ‘एमिनंट पर्सन्स ग्रुप’ नेमायचं ठरवलं. सात जणांच्या या गटाचे सहअध्यक्ष होते ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान माल्कम फ्रेझर आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख ओलुसेगुन ओबासांजो. भारताचे माजी परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग हेही त्यात होते. वर्णद्वेषी सरकारनं या गटाला देशात फिरू दिलं, तुरुंगात नेल्सन मंडेलांची भेट घेऊ दिली. एखाद्या अनोळखी अभ्यासकाला, तो कितीही जाणकार असला तरी, त्या कोठडीपर्यंत कोणी जाऊ दिलं नसतं. इथं लौकिक हेच कामाचं हत्यार होतं. माणूस किती ज्ञात आहे, दोन्ही बाजू त्याला किती मानतात, यावर ते काम तडीला जाणार होतं. १९ मे १९८६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी बोट्स्वाना, झिंबाब्वे आणि झांबियावर हल्ले केले आणि ही मध्यस्थी तिथंच संपली. पण ती सुरू होऊ शकली ती या माणसांच्या नावावर, आणि जूनमध्ये त्यांनी दिलेल्या अहवालाला जगात वजन आलं तेही त्या नावांमुळेच.

मध्यस्थी, शिष्टाई, दोन भांडणाऱ्यांना एका खोलीत बसवणं, अशा कामांना ‘एमिनंट’ माणसं अवश्य नेमा. पण न्यायाधीश निवडणं, माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याची फाईल तपासणं, विद्यापीठ चालवणं ही कामं नावावर होत नाहीत. त्यांना जाण लागते, वेळ लागतो, स्वतंत्र वृत्ती लागते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. मोठेपणाची व्याख्या करता येत नाही, म्हणतात. पदवी, वर्षं, पदं अशा अटी घातल्या की पुन्हा सरकारी नोकरीतलेच लोक त्यांत बसतील आणि वेगळ्या वाटेनं गेलेली माणसं बाहेर राहतील. म्हणून शब्द मोकळा ठेवलेला बरा. मोकळा ठेवल्यावर काय झालं ते माहिती आयोगात दिसलं आहेच. शिवाय व्याख्या करता येते, आणि आपल्याच संसदेनं ती केलेली आहे. २०१३ च्या लोकपाल कायद्यातही अध्यक्षपदासाठी ‘एमिनंट पर्सन’ हा शब्द आहे. पण तिथं लगेच पुढे म्हटलं आहे की ही व्यक्ती निष्कलंक सचोटीची हवी आणि भ्रष्टाचारविरोधी धोरण, लोकप्रशासन, दक्षता, वित्त, कायदा व व्यवस्थापन या विषयांतलं किमान २५ वर्षांचं विशेष ज्ञान तिच्याकडे हवं. न्यायाधीशांची निवड करणाऱ्यांसाठी मात्र वर्षभरातच याच संसदेला एवढंही लिहावंसं वाटलं नाही. जमत नव्हतं असं नाही. (लोकपालाच्या निवड समितीत एक ‘एमिनंट ज्युरिस्ट’ही असतो, त्याची व्याख्या तिथंही नाही, हे नोंदवायला हवं.)

वेगळ्या वाटेच्या माणसांसाठी तर घटनाकारांनीच रस्ता दाखवून ठेवला आहे. राज्यसभेवर राष्ट्रपती जे १२ सदस्य नियुक्त करतात, त्यांना आपण सर्रास ‘एमिनंट’ म्हणतो, बातम्यांत ‘मान्यवर’ म्हणतो. घटनेच्या ८० व्या अनुच्छेदात मात्र असा शब्दच नाही. तिथं आहे साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव. ‘प्रत्यक्ष अनुभव’ या शब्दांत पदवी नसलेला माणूस बसतो, खेड्यात काम करणारी बाई बसते, लोककलावंत बसतो. निवडी नेहमीच या शब्दांना जागल्या असं नाही. पण निवड चुकली तर ‘हा अनुभव कुठं आहे?’ असं विचारता तरी येतं. ‘तो एमिनंट कसा?’ असं विचारलं, तर ‘आम्हाला वाटतो’ या उत्तरापुढे जाता येत नाही.

या विशेषणाला आणखी एका ठिकाणी कायद्यानं चांगलंच बांधून ठेवलेलं आहे, आणि ते उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस यानं १६२५ मध्ये ‘डोमिनियम एमिनेन्स’ ही कल्पना मांडली; इंग्रजीत ती ‘एमिनंट डोमेन’ झाली. प्रजेच्या मालमत्तेवर राज्याचा सर्वांहून वरचढ हक्क. सार्वजनिक हितासाठी राज्य जमीन घेऊ शकतं ते या हक्कानं. पण ग्रोशियसनं ही कल्पना मांडतानाच भरपाईचं बोलून ठेवलं होतं. अमेरिकेनं १७९१ मध्ये पाचव्या घटनादुरुस्तीत सार्वजनिक वापर आणि न्याय्य मोबदला या दोन अटी घातल्या. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यू लंडन शहराला खासगी विकासासाठी लोकांची घरं घेऊ दिली, पाच विरुद्ध चार मतांनी, तेव्हा लोक इतके खवळले की चाळीसहून अधिक राज्यांनी आपापले कायदे आवळले. भारतात १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ चा आला. सार्वजनिक प्रयोजन म्हणजे काय याची यादी, सामाजिक परिणामांचा अभ्यास, खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, असं बरंच त्यात लिहिलं गेलं. त्यातही पळवाटा आहेत, पण राज्यानं ‘मी वरचढ आहे’ म्हटलं की लोक विचारतात: कशासाठी, किती, कोणत्या मोबदल्यात? व्यक्तीला वरचढ ठरवताना हे प्रश्न विचारायची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

ही सवय नसली की काय होतं ते जुलै २०१८ मध्ये दिसलं. केंद्र सरकारनं ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ म्हणून सहा संस्था जाहीर केल्या. बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्ली आणि मुंबईच्या आयआयटी, पिलानीची बिट्स, मणिपाल आणि जिओ इन्स्टिट्यूट. यातली शेवटची तेव्हा अस्तित्वातच नव्हती. टीका झाल्यावर सरकारनं सांगितलं की नव्यानं उभ्या राहणाऱ्या संस्थांसाठी नियमांतच वेगळा गट आहे, तिथं जमीन, भांडवल, चमू आणि आराखडा पाहतात, आणि आत्ता फक्त इरादापत्र दिलं आहे. नियमात तशी तरतूद होती हे खरं. मग त्या गटाला दुसरं नाव द्यायचं होतं. ज्या संस्थेत एकही विद्यार्थी शिकलेला नाही, एकही प्रबंध लिहिला गेलेला नाही, तिला ‘एमिनन्स’ कशातून येणार? शतकभर काम केलेल्या विज्ञान संस्थेला आणि कागदावरच्या आराखड्याला एकच विशेषण लागतं, तेव्हा त्या शब्दात मोजण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून नियुक्तीच्या कायद्यांतून हे विशेषण काढावं, असं मला वाटतं. माहिती अधिकार कायद्याच्या १२ व्या आणि १५ व्या कलमातून ‘एमिनन्स’ हा शब्द गाळला आणि फक्त ‘ज्ञान व अनुभव’ ठेवलं, तर काय बिघडेल? काहीही नाही. क्षेत्रं तीच राहतील, समिती तीच राहील. फरक एवढाच पडेल की मजुरांचे हजेरीपट वीस वर्षं तपासणारी बाई अर्ज करताना कायद्याच्या पहिल्याच ओळीवर अडखळणार नाही, आणि ‘ती नामवंत नाही’ एवढं म्हणून तिचा अर्ज बाजूला ठेवता येणार नाही. तिला नाकारायचं तर तिच्या अनुभवाबद्दल काहीतरी लिहावं लागेल.

शब्द काढणं लगेच जमणार नसेल, तर २०१९ च्या निकालानं सांगितलेली गोष्ट केंद्रात आणि प्रत्येक राज्यात पूर्णपणे तरी पाळा. निकष जाहिरातीसोबतच छापा, निवड झाल्यानंतर नकोत. निवडलेल्या प्रत्येक नावापुढे एक परिच्छेद लिहा: या व्यक्तीनं काय काम केलं आहे, ते या पदाला कसं उपयोगी आहे, आणि शेवटच्या यादीतल्या बाकीच्यांपेक्षा ती का निवडली. समितीतल्या कोणाचा विरोध असेल तर तोही तिथंच द्या. आणि हे सगळं शपथविधीच्या आधी संकेतस्थळावर यावं, म्हणजे ज्यांना विचारायचं आहे त्यांना वेळेवर विचारता येईल.